पदवी, पाळणा आणि काकांचा आलेख

पत्र

माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. लग्नाला दोन वर्षं झाली. तिला नोकरी सोडून पीएच.डी. करायचीय, प्रवेशही मिळालाय. जावयांची हरकत नाही. अडचण माझ्या दिरांची आहे. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना आकडेवारीचा नाद लागलाय. त्यांनी घरच्या ग्रुपवर एक आलेख टाकला. आडव्या रेषेवर देशोदेशीच्या बायकांची शाळेतली वर्षं, उभ्या रेषेवर दर बाईमागे किती मुलं. ठिपके डावीकडून उजवीकडे घसरत जातात. खाली लिहिलं होतं, ‘वहिनी, हे बघा आणि मग पोरीला पीएच.डी.ला पाठवा.’ वर त्यांचं म्हणणं असं की शिकलेलेच मुलं होऊ देईनासे झाले, तर पुढच्या पिढ्या अडाणीच निपजणार. माझी आई शाळेत गेली नव्हती, आम्ही सहा भावंडं. मी बारावी, मला दोन मुलं. म्हणजे आमच्या घरातसुद्धा आलेख खरा ठरतोय. मला वाद घालता येत नाही, पण झोप उडालीय. मी तिला अडवावं का? नातवंड हवंसं वाटतं, पण हे मी तिच्याजवळ कधी बोलले नाही.
— एक आई

उत्तर

ताई,

आलेख खरा आहे. दिरांनी कुठून तरी भलतंच चित्र उचलून टाकलं असेल अशी आशा असेल, तर ती सोडून द्या. गेल्या पन्नास-साठ वर्षांत जगातल्या बहुतेक देशांत जास्त शिकलेल्या स्त्रियांना सरासरीनं कमी मुलं झालेली दिसतात. भारतातल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात शाळेची पायरीही न चढलेल्या स्त्रियांचा प्रजनन दर २.८ होता, आणि बारा किंवा जास्त वर्षं शिकलेल्यांचा १.८. प्रजनन दर म्हणजे आजचंच चित्र कायम राहिलं तर एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुलं होतील, तो आकडा. तो २.१ च्या आसपास राहिला की पुढची पिढी आईबापांच्या पिढीएवढीच भरते. आफ्रिकेतल्या कित्येक देशांत शिकलेल्या आणि न शिकलेल्यांमधली ही दरी भारतापेक्षा बरीच रुंद आहे.

तेव्हा भांडण आलेखाशी नाही. भांडण आहे त्याखाली लिहिलेल्या ओळीशी. त्या ओळीत तुमच्या दिरांनी देशांच्या ठिपक्यांवरून एकदम तुमच्या लेकीवर उडी मारलीय. वर्षाच्या सरासरी पावसावरून आज छत्री न्यायची की नाही हे ठरवावं, तसं ते झालं.

आधी बघू की शिक्षणामुळे मुलं कमी होतात, की मुलं लवकर झाल्यामुळे शिक्षण सुटतं. आलेखात दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. नॉर्वेत प्रत्येक नागरिकाची जन्माची आणि शिक्षणाची नोंद असते. तिथे १९६४ साली जन्मलेल्या स्त्रियांच्या नोंदी अभ्यासकांनी वर्षागणिक तपासल्या. शिक्षणानं मुलं अडवली त्यापेक्षा मुलांनी शिक्षण अडवलं, असं त्यांना आढळलं. ज्यांना लवकर मूल झालं त्यांची पुढची पदवी राहून गेली, म्हणून त्या ‘कमी शिकलेल्या, जास्त मुलांच्या’ ठिपक्यात जाऊन बसल्या. काकांच्या आलेखात ठिपक्यांना जोडणारी रेघ आहे, पण त्या रेघेला बाणाचं टोक नाही, आणि ते कुठल्या बाजूला काढायचं हे काकांनीच मनाशी ठरवून टाकलंय.

याचा अर्थ शिक्षणाचा काहीच परिणाम होत नाही असा नाही. होतो, आणि काही देशांत तो फार स्वच्छ मोजता आलाय, कारण तिथे शाळा वाढवायचा निर्णय मुलींनी किंवा त्यांच्या घरच्यांनी घेतला नव्हता, सरकारनं घेतला होता. नायजेरियानं १९७६ मध्ये प्राथमिक शिक्षण मोफत केलं. पुढे त्या पिढीचा अभ्यास झाला तेव्हा शिक्षणाच्या एका जादा वर्षामागे तरुण वयात होणारी मुलं सरासरी सुमारे पाव मुलानं कमी झालेली दिसली. (पाव मूल फक्त सरासरीतच सापडतं, हे दिरांना सांगायला हरकत नाही.) तुर्कस्ताननं १९९७ मध्ये सक्तीचं शिक्षण पाच वर्षांवरून आठ वर्षांवर नेलं, तेव्हा किशोरवयातली लग्नं आणि बाळंतपणं कमी झाली. केनियाच्या पश्चिम भागात काही शाळांमधल्या मुलांना नुसते गणवेश फुकट दिले, तर तेवढ्यानं मुलींची गळती कमी झाली आणि कोवळ्या वयात दिवस जाण्याचं प्रमाणही उतरलं.

हे सगळे अभ्यास कोणत्या वयाबद्दल बोलताहेत ते बघा. चौदा, पंधरा, सतरा, एकोणीस. शिक्षणाचा जन्मदरावर सगळ्यात मोठा घाव बसतो तो इथे, माध्यमिक शाळेच्या उंबरठ्यावर. आफ्रिकेतल्या अनेक सर्वेक्षणांत नुसत्या प्राथमिक शाळेनं आकडा फारसा हलत नाही, माध्यमिक शाळा मात्र तो ठळकपणे खाली आणते. पंधराव्या वर्षी जिची शाळा सुटते तिचं लग्न लवकर ठरतं आणि विशीच्या आत पाळणा हलतो. तीच मुलगी वर्गात टिकली तर ही सगळी रांग चार-पाच वर्षं पुढे सरकते. तुमची लेक हा सगळा उतार कधीच उतरून आलेली आहे. एम.ए. ते पीएच.डी. एवढ्या अंतरात त्या आलेखात तिच्याबद्दल सांगण्यासारखं फार थोडं उरतं.

पुन्हा नॉर्वेचंच उदाहरण देते, कारण ते नेमकं आहे. तिथे १९६० च्या दशकात सक्तीचं शिक्षण सातवरून नऊ वर्षांवर नेलं, तेही एकेका नगरपालिकेत टप्प्याटप्प्यानं, त्यामुळे तुलना करणं सोपं गेलं. किशोरवयातली बाळंतपणं घटली. पण त्याच स्त्रियांना आयुष्यभरात एकूण किती मुलं झाली हे मोजलं, तर संख्या कमी झालेली आढळली नाही. मुलं झाली, फक्त उशिरा झाली. ‘उशिरा’ आणि ‘कमी’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एखाद्या वर्षाचा प्रजनन दर त्या दोन्ही एकत्र कालवतो. सगळ्याच बायकांनी पहिलं मूल दोन वर्षं पुढे ढकललं, तर त्या काळात दर खाली गेलेला दिसेल, मग शेवटी प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरीही.

आता तुमच्या घराकडे येते. आई शाळेत गेली नव्हती, सहा मुलं. तुम्ही बारावी, दोन मुलं. तुम्हाला ते आलेखाचा पुरावा वाटलं. स्वतःलाच विचारा: दोनवर थांबलात तेव्हा तुमच्या मनात काय होतं? बारावीच्या पुस्तकात तर तसं लिहिलेलं नव्हतं. माझा अंदाज आहे की दोघांना चांगलं शिकवायचं होतं आणि त्यातच ऐपत संपत होती. जॉन कॉल्डवेल नावाच्या ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञानं पश्चिम आफ्रिकेत बरीच वर्षं काम करून हीच गोष्ट मांडली. मूल शेतावर, गुरांमागे, घरकामात राबत असतं तोवर संपत्ती मुलांकडून आईबापांकडे वाहते आणि जास्त मुलं परवडतात. मूल शाळेत जायला लागलं की त्याचे कामाचे हात जातात, वह्या-पुस्तकं येतात, आणि ओघ उलटा फिरतो. म्हणजे जन्मदर खाली आणायला आई शिकलेली असणं हा एक मार्ग. मुलांना शिकवायचं आईनं ठरवणं हा दुसरा, आणि त्यासाठी ती स्वतः शिकलेली असायची गरज नाही.

मला हा दुसरा मार्ग जास्त महत्त्वाचा वाटतो, आणि आलेखात नेमका तोच दिसत नाही. भारतात १९९२-९३ मध्ये निरक्षर स्त्रियांचा प्रजनन दर ४ च्या घरात होता. शाळेत न गेलेल्या स्त्रियांचाच दर २०१९-२१ पर्यंत २.८ वर आला. या बायका मधल्या काळात शाळेत गेल्या नव्हत्या! लोकसंख्येचे अभ्यासक मारी भट यांनी दाखवून दिलं होतं की भारतातल्या घटीचा मोठा वाटा निरक्षर स्त्रियांचाच होता. आंध्र प्रदेशात २००१ च्या जनगणनेत निम्म्याच स्त्रिया साक्षर निघाल्या होत्या, तरी २००५-०६ च्या सर्वेक्षणात तिथला दर १.८ होता. फ्रान्समध्ये तर जन्मदर अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनच उतरायला लागला होता, सगळ्यांसाठी शाळा यायला तेव्हा कितीतरी अवकाश होता.

आणि साधनंही लागतात. कमी मुलं हवी असणं आणि कमी मुलं होऊ देता येणं यात तांबी, गोळ्या, शस्त्रक्रिया आणि दारापर्यंत येणारी आरोग्यसेविका असते. बांगलादेशात मतलब नावाच्या भागात १९७७ पासून निम्म्या गावांत कार्यकर्त्या घरोघरी साधनं घेऊन जाऊ लागल्या, उरलेल्या गावांत नेहमीचीच सरकारी व्यवस्था राहिली. शिक्षणात दोन्हीकडे फारसा फरक नव्हता, पण जन्मदर पहिल्या गावांत जास्त उतरला. इराणमध्ये दोन्ही गोष्टी एकदमच आल्या. १९८९ पासून कुटुंब नियोजन पुन्हा सुरू झालं आणि खेड्यांतल्या मुली शाळेत जाऊ लागल्या. तिथला दर १९८० च्या दशकात सहाच्या वर होता, तो २००० च्या सुमारास दोनवर आला. इतका वेग जगात क्वचितच दिसलाय.

आता दिरांचा दुसरा मुद्दा, अडाणी पिढ्यांचा. हा मुद्दा ऐकला की मी जरा सावध होते. तो नवा नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन या शास्त्रज्ञानं हीच भीती मांडली होती. ‘चांगल्या’ घरांतले लोक मुलं कमी होऊ देतात, ‘हलके’ लोक जास्त, म्हणून वंश घसरेल. त्यातून पुढे सक्तीच्या नसबंदीचे कायदे कुठे कुठे झाले, ते जगानं पाहिलंय. तुमच्या दिरांच्या मनात असलं काही नसेल. पण विचाराची वाट तीच आहे.

आणि ती वाट खोटी आहे. पदवी नाकासारखी आईबापांकडून जशीच्या तशी येत नाही, ती शाळेतून येते. दक्षिण कोरियात १९६० च्या सुमारास एका स्त्रीला सरासरी सहा मुलं होत, आणि त्या आयांपैकी बऱ्याच जणी जेमतेम शिकलेल्या होत्या. त्यांच्या नातवंडांच्या पिढीत, २५ ते ३४ वयोगटातल्या दहापैकी सुमारे सात जणांकडे उच्च शिक्षण आहे, जगातल्या सर्वात वरच्या आकड्यांपैकी एक. न्यूझीलंडचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी दाखवलं की विसाव्या शतकात अनेक देशांत बुद्धिमत्ता चाचण्यांचे सरासरी गुण दर दशकात सुमारे तीननं वाढत गेले, आणि ते नेमके त्याच काळात जेव्हा शिकलेल्यांना कमी मुलं होत होती. अलीकडे नॉर्वेत हे गुण थोडे उतरू लागले, तेव्हा काकांसारख्या मंडळींना आनंद झाला असता. पण तिथल्या अभ्यासात ही उतरण एकाच घरातल्या थोरल्या आणि धाकट्या भावांमध्येही दिसली. आईबाप तेच, घराणं तेच. म्हणजे कोणाला किती मुलं झाली याच्याशी तिचा संबंध लावता येत नाही.

तुमच्या दिरांची एक काळजी मात्र मी हसण्यावारी नेणार नाही. फार कमी जन्म हीसुद्धा अडचण आहे. त्याच कोरियाचा दर २०२३ मध्ये ०.७२ होता, २०२४ मध्ये ०.७५. म्हातारी माणसं वाढताहेत, शाळा बंद पडताहेत. यासाठी मुलींच्या पदव्यांना दोष देणारे तिथेही आहेत. पण १९८० च्या दशकानंतर श्रीमंत देशांमध्ये एक गंमत झाली. ज्या देशांत बायका जास्त प्रमाणात नोकरी करत होत्या तिथेच जन्मदर जास्त राहिले, आणि ज्या देशांत त्या घरी होत्या, तिथे तो कोसळला. म्हणजे इटली-स्पेन खाली आणि स्वीडन-नॉर्वे वर. पाळणाघरं, आईला आणि बापालाही मिळणारी रजा, परत आल्यावर टिकून असलेली नोकरी, हे ज्यांनी दिलं तिथे शिकलेल्या बायकांनी मुलंही होऊ दिली. अर्थशास्त्राचं २०२३ चं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी यात पुरुषांकडे बोट दाखवलंय. जिथे बायकांचं शिक्षण झपाट्यानं वाढलं पण नवऱ्यांच्या घरकामाचे तास जुन्याच काळात राहिले, तिथे जन्मदर तळाला गेला. कोरिया, जपान, इटली त्यातले.

हेही पूर्ण उत्तर नाही. उत्तर युरोपातही २०१० नंतर दर घसरलेत, फिनलंड आता १.३ च्या आसपास आहे, पाळणाघरं असूनसुद्धा. आणि तिथे अपत्यहीन राहण्याचं प्रमाण सर्वात जास्त कोणात आहे? सर्वात कमी शिकलेल्यांत. म्हणजे तुमच्या दिरांचा उतार तिथे उलटा झालाय. जोडीदार मिळणं, नोकरीची शाश्वती, घर घेण्याची ऐपत या गोष्टी तिथे शिकलेल्यांकडे जास्त आहेत, आणि त्या असल्या की मूल होऊ द्यायचं धैर्य येतं. शिक्षण आणि मुलं यांचं नातं निसर्गनियमासारखं पक्कं असतं, तर ते असं देशागणिक फिरलं नसतं.

आता सल्ला, कारण तुम्ही तो मागितलाय.

तिला अडवू नका. प्रवेश सोडायला लावून नातवंड मिळेल याची हमी कुठलाच आलेख देत नाही, पण लेक मनातून दुरावेल याची शक्यता बरीच आहे. मात्र वयाचा मुद्दा खरा आहे आणि तो टाळू नये. स्त्रीची गर्भधारणेची क्षमता तिशीनंतर हळूहळू आणि पस्तिशीनंतर वेगानं कमी होते. पुरुषांचंही वय मोजलं जातं, फक्त त्याची चर्चा होत नाही. बीजांडं गोठवून ठेवणं किंवा टेस्ट ट्यूबचा मार्ग हा आधार आहे, खात्री नव्हे. सत्ताविसाव्या वर्षी पीएच.डी.ला बसून बत्तीस-तेहतिसाव्या वर्षी बाहेर पडणं यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ‘आधी पीएच.डी., मग कायम नोकरी, मग घर, मग बघू’ अशी रांग लावली तर ती चाळिशीला जाऊन भिडते. हे तिला बहुधा माहीत असेल. तिनं ते तिच्या नवऱ्याशी बोलावं, तुमच्या दिरांशी नाही.

पीएच.डी.च्या मधे मूल होऊ देणाऱ्या पुष्कळ जणी असतात, आणि काहींना तो काळ नोकरीपेक्षा सोयीचा जातो, कारण वेळेचं बंधन थोडं सैल असतं. सोयीचा जाईल की नाही हे तीन गोष्टींवर ठरतं: मार्गदर्शक कसा आहे, विद्यापीठ बाळंतपणाची रजा आणि मुदतवाढ देतं का, आणि रजेच्या काळात शिष्यवृत्ती चालू राहते का. हे तिनं प्रवेश पक्का करण्यापूर्वी विचारावं, लेखी. आधीच्या विद्यार्थिनींना विचारलं तर नियमाच्या कागदापेक्षा खरं कळेल.

तुमच्या इच्छेचं काय? ती बोला. मनात दाबून ठेवलीत तर ती तुमच्या चेहऱ्यावर, टोमण्यात, ‘अमकीच्या मुलीला बाळ झालं’ अशा बातम्यांत झिरपत राहील, आणि ते सरळ बोलण्यापेक्षा जास्त बोचतं. पण एकदाच बोला, आणि हिशेब मागू नका. ‘मला नातवंड आवडेल. तुम्हा दोघांना हवं असेल तेव्हा, हवं असेल तर. झालं तर मी काय काय करू शकते ते आत्ताच सांगते,’ असं काहीतरी. शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तुम्ही किती महिने येऊन राहू शकता, आठवड्यातले किती दिवस बाळ सांभाळू शकता, तब्येत किती साथ देईल, याचा खरा अंदाज द्या. देशांच्या पातळीवर पाळणाघर जे करतं ते घराच्या पातळीवर तुम्ही करणार असाल, तर तुमच्या मुलीला आकडेवारीपेक्षा त्याचा उपयोग होईल. जमणार नसेल तर तेही आत्ताच सांगा.

त्यांना मूल नकोच असं ठरलं तर वाईट वाटेल. वाटू द्या. पण ते पीएच.डी.च्या खात्यावर मांडू नका.

दिरांना ग्रुपवर लांबलचक उत्तर देऊ नका, निवृत्त माणसाला त्यातून पुढच्या महिन्याचा उद्योग मिळतो. एवढंच लिहा: ‘भावोजी, आलेख बरोबर आहे. तो शाळेतून काढल्या जाणाऱ्या मुलींबद्दल आहे, आमच्या मुलीबद्दल नाही.’ आणि ग्रुपवरचा हा विषय मुलीनं वाचलाय का, हे तिला आजच फोन करून विचारा. वाचला असेल आणि आईनं त्यावर अजून काहीच लिहिलं नाही हेही तिच्या लक्षात आलं असेल, तर तुमचं मौन तिला काकांच्या बाजूचं वाटत असणार.